घरची चक्की घेताना मोटार शेवटी बघा

मी मोटारी गुंडाळणारा माणूस. पंखा, पंप, मिक्सर, जे जळून येईल ते उघडायचं, काळी पडलेली तार उपसायची आणि नवी भरायची, हा धंदा. त्यामुळे नात्यागोत्यात कुणी घरी दळायची चक्की घ्यायला निघालं की फोन मला येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती हॉर्सपॉवरची घेऊ? मी म्हणतो, आधी ती उघडते कशी ते बघून ये, हॉर्सपॉवरचं मग बोलू. भाचरांना वाटतं, मामा टाळतोय.

टाळत नाही. दळायच्या यंत्रांच्या ज्या मोटारी माझ्या टेबलावर येतात, त्यांतल्या पुष्कळशा ताकदीला कमी पडल्या म्हणून जळलेल्या नसतात. कव्हर काढलं की आत पीठ. हवेच्या फटींत पीठ, पंख्याच्या पात्यांवर पीठ, वाइंडिंगवर, म्हणजे गुंडाळलेल्या तारेवर, पिठाचा थर. पीठ दमटपणा ओढून घेतं, त्याची खपली धरते, मोटार गार होईनाशी होते आणि मग वार्निश करपल्याचा तो ओळखीचा वास. आता हे पीठ येतं कुठून? दळणाच्या खणातून, शाफ्टच्या कडेने झिरपत. जो खण सहज उघडतो तो लोक साफ करतात. जो उघडायला चार स्क्रू आणि एक रविवार लागतो, तो कुणी साफ करत नाही. एवढं साधं आहे ते.

सध्या आमच्याकडे आहे ती दगडांची. लाकडी पेटी, वर धान्य ओतायचा हॉपर, आत कोरंडम या कठीण खनिजाच्या दाण्यांपासून बांधलेले दोन गोल दगड, एक स्थिर आणि एक मोटारीवर फिरणारा. हॉपर उलट्या आट्यांनी फिरवून काढायचा, वरचा दगड उचलायचा, झालं. पाना नको, काही नको. रंगकामाचा एक कोरा ब्रश त्यासाठीच ठेवलाय. दगडांच्या खाचा, खणाची कड, पीठ बाहेर पडायची नळी, सगळीकडे तो पोचतो. पाणी मात्र लावायचं नाही. ओल्या दगडावर पीठ बसलं तर ते निघता निघत नाही.

खणात उरलेल्या पिठाचा त्रास मोटारीलाच होतो असं नाही. गव्हाच्या दाण्यात वजनाने साधारण 83 टक्के पिठूळ गर, 14 टक्क्यांच्या आसपास कोंडा आणि जेमतेम अडीच टक्के अंकुर असतो. तेलाचं प्रमाण सगळ्यात जास्त त्या अंकुरात. दाणा अख्खा असतो तोवर ते तेल आत बंद असतं आणि धान्य महिनोन् महिने टिकतं. दळलं की तेलाला हवा लागते, धान्यातलीच विकरं (एन्झाइम) त्याच्यावर काम करू लागतात आणि पीठ हळूहळू खवट होतं. मोठ्या कारखान्यांत रोलरवर दळताना कोंडा आणि अंकुर वेगळे काढता येतात, म्हणून पांढरं पीठ पिशवीत इतके दिवस टिकतं. घरच्या चक्कीत सगळं एकत्रच उतरतं, आणि ते तसं उतरावं म्हणूनच तर आपण ती घेतो. मग कोपऱ्यात महिनाभर बसलेलं मूठभर पीठ नव्या ताज्या पिठात मिसळत राहिलं, तर ताजं दळायचा खटाटोप कशाला? सोंडे आणि अळ्यांनाही अशीच जागा लागते, अंधारी, उबदार आणि कुणी हात न घालणारी.

दुकानात करून बघण्यासारखी एक परीक्षा आहे. तोलून एक किलो धान्य घाला आणि बाहेर आलेलं पीठ तोला. थोडी घट होतेच, काही पीठ उडतं, काही ओल सुटते. पण फरक चांगला मूठभर असेल तर ते पीठ यंत्राच्या पोटात आहे. विक्रेत्याला म्हणा, आता उघडून दाखवा. तो पाना शोधायला लागला की पुढचं यंत्र बघायचं.

दगड कोणते, हा यानंतरचा प्रश्न. नैसर्गिक दगड असेल तर तो कधीतरी गुळगुळीत होणार आणि त्याला टाकी लावावी लागणार. ते काम जाणणारा माणूस हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. कोरंडमची गोष्ट वेगळी. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा 10 वर, तर कोरंडम 9 वर. शिवाय दगड त्याच्या दाण्यांचा बांधलेला असल्यामुळे झिजताना वरचे दाणे गळतात आणि खालचे नवे, धारदार दाणे उघडे पडतात, म्हणून टाकी लागत नाही. घरगुती वापरात असे दगड वर्षानुवर्षं चालतात. नव्या यंत्रात पहिल्यांदा थोडं स्वस्तातलं धान्य दळून ते फेकून द्यायचं, म्हणजे दगडांवरची सुटी कच निघून जाते. ही पायरी गाळणारे लोक मी पाहिलेत. दाताखाली कचकच आली की मग चक्कीला नावं ठेवतात.

दगडांची चक्की जुळवायची ती कानाने, आणि हे मला फार आवडतं. बारीकपणाचा आकडा छापलेला असतो, पण त्यावर जाऊ नका. दगड झिजतात, आकडा तिथेच राहतो. हॉपर रिकामा ठेवून मोटार चालू करायची आणि दगड हळूहळू जवळ आणत जायचं. एका जागी अगदी हलकी टिकटिक सुरू होते, दगडाला दगड चाटल्याची. तिथून केसभर मागे यायचं. ती बारीक दळणाची जागा. लगेच धान्य सोडायचं, कारण रिकामे दगड एकमेकांवर घासत ठेवले तर आपण दगडच दळत असतो. हवी तेवढी भरड मिळवायला याच जागेपासून मागे मागे यायचं. आमच्या सौभाग्यवतींचा कान या बाबतीत माझ्याहून तयार झालाय. मी शेजारच्या खोलीत असलो तरी ओरडून सांगते, "अहो, लागतायत, मागे घ्या."

या जातीच्या यंत्रांत कोमो आणि मॉकमिल ही नावं सगळीकडे ऐकू येतात. वोल्फगांग मोक या जर्मन गृहस्थाचा दोन्हींच्या जन्मात हात आहे. मॉकमिलच्या नावापुढचा 100 किंवा 200 हा आकडा मिनिटाला साधारण किती ग्रॅम गहू दळला जातो त्याचा. म्हणजे 100 वालीला एक किलो दळायला दहा मिनिटं. दोन-तीन माणसांच्या घराला तेवढं पुरतं. पाच-सात माणसांचं रोजचं पीठ काढायचं असेल तर तिच्याजवळ उभं राहून कंटाळा येईल.

दगडाच्या चक्कीत पीठ गरम होतं, ही तक्रार खरी आहे. घर्षण म्हटलं की उष्णता आलीच. जितकं बारीक, तितकं गरम. मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर पिठात खुपसून बघतो. 40 ते 45 अंश असेल तर निवांत. 50 च्या पुढे जायला लागलं की दगड थोडे मागे घेतो किंवा मध्ये थांबतो. गरम पीठ लगेच डब्यात बंद करायचं नाही, वाफ धरते. परातीत पसरून गार होऊ द्यायचं. ताज्या, सगळ्या कोंड्यासकटच्या पिठाला पाणी जास्त लागतं आणि कोंडा ते सावकाश पितो, म्हणून मळल्यावर वीस-तीस मिनिटं झाकून ठेवलेली कणीक हाताला पार वेगळी लागते. पुष्कळ लोक पहिल्याच दिवशी म्हणतात, या चक्कीचं पीठ कोरडं. त्यांना मी झाकून ठेवायला सांगतो, आणि चक्की घरी राहते.

माझ्या ताईकडे पिनांची चक्की आहे. हिच्यात दगड नाहीत. पोलादी पिनांच्या दोन चकत्या एकमेकींत गुंतलेल्या, एक प्रचंड वेगाने फिरते आणि दाणा त्या पिनांवर आपटून आपटून फुटतो. पीठ निघतं ते खरंच मऊसूत, माझ्या दगडांपेक्षा बारीक आणि दुपटीने लवकर. हे मी ताईसमोर कबूल करतो, कारण ती जवळच बसलेली असते. पण आवाज व्हॅक्यूम क्लीनर कानाशी धरल्यासारखा. लहान मूल झोपलेलं असेल तर दळण पुढे ढकलायचं. भरड काढायची सोय जवळजवळ नाहीच, पिठाच्या बारीकपणात थोडंफार इकडे-तिकडे करता येतं इतकंच. मोटार आधी चालू करायची आणि मग धान्य ओतायचं, हॉपर संपेस्तोवर बंद करायचं नाही, नाहीतर पिनांत दाणे अडकून पुढच्या वेळी ती सुरूच होत नाही. आणि धान्यात एक खडा गेला तर पिना वाकतात. दगड निदान खड्याशी भांडतो तरी.

"तुझ्या चक्कीला दळायला लागतो तेवढ्या वेळात माझं दळून, मळून होतं," ताई म्हणते. खरं आहे. जिला वेळ नाही, जी फक्त बारीक पीठच काढते आणि जिचे शेजारी सहनशील आहेत, तिने हीच घ्यावी.

तिसरी जात जाळीची. आत फिरणारी बोथट पाती दाण्याला ठोकतात आणि तो जाळीच्या भोकातून जाईल एवढा बारीक होईस्तोवर आत फिरत राहतो. बारीकपणा ठरवायला जाळी बदलायची, कान लावायची गरज नाही. माझ्या उघडण्याच्या कसोटीवर खरं तर हीच पहिली येते. पुढचं दार सताड उघडतं, जाळी हाताने निघते, आत कुंचा फिरवला की पाच मिनिटांत लख्ख. ज्या घरात आज गहू, उद्या ज्वारी, परवा डाळ असं रोज काहीतरी वेगळं दळायचं असतं, तिथे मी दगडांच्या चक्कीचा आग्रह धरत नाही, ही सुचवतो. उणं एवढंच की ठोकून दळल्यामुळे कोंडाही बारीक चुरा होऊन पिठात मिसळतो. दगडावर कोंड्याच्या पातळ पापुद्र्या सुटतात, त्या चाळणीने वेगळ्या काढता येतात. ज्यांना अधूनमधून चाळलेलं, पांढुरकं पीठ लागतं त्यांना हा फरक जाणवेल. बाकीच्यांना नाही. जाळी मात्र जादा विकत घेऊन ठेवा. बारीक जाळीचा पत्रा पातळ असतो, एका खिळ्याने फाटतो. हॉपरच्या तोंडाशी लोहचुंबक असलेलं यंत्र मिळत असेल तर डोळे झाकून तेच घ्यावं.

पोलादी चकत्यांच्या चक्क्या आणि हाताने फिरवायच्या चक्क्या यांच्याबद्दल थोडक्यात. पोलादी चकत्या तेल पीत नाहीत, म्हणून तीळ, जवस, शेंगदाणे असलं काही भरडायचं असेल तर त्याच हव्यात. दगडावर तेलबिया घातल्या तर दगड माखून गुळगुळीत होतात. पण या चकत्यांवर अगदी बारीक पीठ निघत नाही आणि बिडाच्या असतील तर ओल लागली की गंज. हाताची चक्की चालते, पण बारीक काढायला गेलं की दांड्यावर जोर एकदम वाढतो. मेजाला पक्की आवळलेली नसेल तर धान्यापेक्षा मेजच जास्त हलतं. वीज नसेल तेव्हा उपयोगी, व्यायामाची हौस असेल तर अधिक उपयोगी.

यंत्र कोणतंही असो, धान्य दमट असेल तर ते हात टेकतं. गव्हात ओल 14 टक्क्यांच्या वर गेली की तो दळला जात नाही, लिंपला जातो. मोजायचं यंत्र कुणाकडे नसतं, दात असतात. दाणा दाताखाली घ्या. कट्कन तुटला तर ठीक, चेपला तर अजून वाळवा. दगड लिंपलेच तर चाकूने खरवडू नका. कोरडे पांढरे तांदूळ मूठभर घेऊन जरा जाडसर दळा, ते दगड घासून आणतात. फ्रीजरमध्ये ठेवलेलं धान्य (किडीवर उत्तम उपाय, चार दिवस उणे 18 अंशांत राहिलं की अंड्यांसकट कीड मरते) बाहेर काढल्यावर डबा न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. गार दाण्यावर हवेतली वाफ बसते आणि मग पुन्हा तेच लिंपण. मोठ्या दाण्याचा मका लहान चक्कीच्या गळ्यात अडकतो. तो आधी भरडून घ्यावा, दुसऱ्यांदा बारीक करावा.

आणि आता मोटार. चक्क्यांत दोन प्रकारच्या येतात. एक इंडक्शन मोटार, जड, मंद, शांत. चार पोलची (चार चुंबकीय ध्रुवांची) असेल तर 50 हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला 1400-1450 फेरे, 60 हर्ट्झवर 1700 च्या थोडे वर. हिच्यात कार्बन ब्रश नसतात, झिजायला फक्त बेअरिंगं. दुसरी मिक्सरमध्ये असते ती, युनिव्हर्सल. हलकी, दहा हजारांच्या पुढे फिरणारी, किंचाळणारी, ब्रश झिजवणारी. पिनांच्या चक्कीला वेग हवा असतो म्हणून तिथे ती असणं समजण्यासारखं आहे. दगडांच्या चक्कीला इंडक्शनच बघावी. यंत्र उचलून बघा. तेवढ्याच आकाराचं एक यंत्र जड आणि दुसरं हलकं असेल तर बहुधा जड यंत्रात तांबं आणि लोखंड जास्त आहे.

वॅटच्या आकड्याने भुलू नका. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट, पण तो मोटारीने शाफ्टवर द्यायचा जोर. पाटीवर पुष्कळदा विजेतून ओढलेले वॅट छापलेले असतात, आणि त्यातला बराच भाग उष्णतेत जातो. एका यंत्राची ओढ आणि दुसऱ्याचा जोर यांची तुलना करून लोक माझ्याशी वाद घालतात. माझं म्हणणं, घरच्या दळणाला दोन्ही पुरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओव्हरलोडचं लाल बटण आहे की नाही. मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तेव्हा ती नेहमीपेक्षा पाच-सहा पट करंट ओढत असते. बटण असेल तर ते सुटतं. नसेल तर काही सेकंदांत स्विच तुमच्या बोटाने बंद व्हायला हवा. दगड मागे घ्या, धान्य मोकळं करा, मग चालू करा. रिकाम्या अवस्थेतही गुणगुणत असेल तर कपॅसिटर, म्हणजे मोटारीला सुरुवातीचा रेटा देणारा भाग, गेलेला असण्याचा संभव जास्त. तो बदलणं किरकोळ काम आहे, सगळं वाइंडिंग बदलायला सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. लांब, बारीक वायरीच्या बोर्डावर चक्की लावू नका. व्होल्टेज पडतं आणि मोटार तिथेच अडते.

एका घराने मात्र वर लिहिलेलं बाजूला ठेवावं. घरात सीलिअ‍ॅकचा, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न सोसण्याच्या आजाराचा, रुग्ण असेल तर गहू दळलेल्या चक्कीत त्याच्यासाठी ज्वारी किंवा तांदूळ दळायचे नाहीत, कितीही ब्रश फिरवला तरी. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाप्रमाणे ग्लुटेनमुक्त पदार्थात ग्लुटेनची मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम आहे. दगडाच्या छिद्रांत बसलेलं गव्हाचं पीठ ती सहज ओलांडतं. अशा घरात दुसरी, वेगळी चक्की, आणि तिच्यात गव्हाचा दाणा जाता कामा नये. दम्याचा त्रास असलेल्यानेही दळण खिडकीजवळ ठेवावं. पिठाच्या धुरळ्याने श्वास लागणं हा पाव भाजणाऱ्यांचा जुना आजार आहे.

पैसे देण्याआधी सुट्या भागांचं विचारून घ्या. जादा दगड किंवा जाळी मिळते का, मोटारीचे कार्बन ब्रश मिळतात का, बेअरिंगचा आकडा काय. 6202 किंवा 6203 असा प्रमाणित आकडा असेल तर ते बेअरिंग जगात कुठेही मिळेल. कंपनीचं स्वतःचंच काही असेल तर तुम्ही तिच्या हाती गेलात. आकड्यापुढे 2आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील असतात, झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणं. पिठाच्या जागेत पत्र्याच्या कडेने पीठ आत शिरतं आणि ग्रीस घट्ट होतं. मी बदलतो तेव्हा 2आरएसच घालतो, गिऱ्हाईकाने मागितलं नसलं तरी.